नरसाळं

चिंचवड, १७ जानेवारी १९५४

मालोजीराव,

सुरुवातीलाच तुमचं नाव लिहिलं आहे. लग्न झाल्यापासून ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. कुणी विचारलंच तर 'शकूचे वडील' म्हणायची. पण चिमाजी भावजी फारकतीचा कागद घेऊन आले आणि त्यात माझं नाव वकिली अक्षरात ठिकठिकाणी लिहिलेलं पाहिलं. तुम्ही माझं लिहिता, तर मी तुमचं का लिहू नये?

नमस्कार लिहिलेला नाही. विसरलेले नाही.

भावजी ओट्यावर बसून म्हणाले, "वैनी, वाचायचं काय त्यात? अंगठा टेकवा, मला चाकणची गाडी गाठायचीय."

मी म्हटलं, "चौथी शिकलीया मी. अंगठा कशापायी टेकवू?"

तुमचे चुलतभाऊ असले तरी माणूस वाईट नाही. छपराकडे बघत बसले. त्यांना चहा दिला, आणि कागद सगळा वाचला.

कागदात लिहिलंय, 'सदरहू बाईस जन्मतः बहिरी व मुकी मुलगी झाली.' यातला 'जन्मतः' कुणी घातला? वकिलानं मनानं घातला असेल असं मला वाटत नाही. शकू बोलत होती. तुमच्या राज्या बैलाला 'लाज्या' म्हणायची, आणि तुम्ही गोठ्यात माणसं बोलावून तिच्याकडून ते म्हणवून घ्यायचा. मग तिला ताप आला. मान ताठ झाली, डोळे फिरले. मी म्हटलं, पुण्याच्या दवाखान्यात नेऊ. तुम्ही म्हणालात, कांदा निघू दे. सासूबाईंनी अंगारा लावला. कांदा निघाला, ताप उतरला, आणि पोरीला हाक ऐकू येईना. बोलत होती तेही हळूहळू गेलं. पोरीला चार दिवस माहेरी नेऊन ये म्हणालात, म्हणून मी इथे गेनूदादाकडे आले. ते चार दिवस अजून चाललेत, आणि तिकडे तानाबाई माप ओलांडून घरात आली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

इथे पिंपरीला सिंधी लोकांची छावणी आहे, तिथे सरकारी दवाखाना आहे. शकूला गळवं झाली म्हणून नेलं होतं. तिथल्या नर्स सुमनताई. त्यांच्या हातून शकूच्या पाठीमागे कसलंसं पत्र्याचं तबक पडलं आणि शकूनं मान वळवली. सुमनताई मलम लावायच्या थांबल्या. वर्तमानपत्राची पुंगळी करून तिच्या कानाला लावली आणि तीत मोठ्यानं बोलल्या. शकू माझ्याकडे बघायला लागली. पुन्हा बोलल्या. शकूनं पुंगळी हातातून ओढून घेतली आणि आत डोळा घालून बघितलं, कोण बसलंय म्हणून.

सुमनताई म्हणाल्या, "हिचे कान पार गेलेले नाहीत गं. तळाशी थोडं शिल्लक आहे."

त्या शिकत होत्या तिथे एक म्हातारी मडम यायची, कानाला पितळी कर्णा लावून ऐकायची. आता विजेवरची यंत्रं निघालीत, पण ती मुंबईला, आणि आपल्या आवाक्यातली नाहीत. इंग्रज गेले, त्यांचं सामान जुन्या बाजारात आलं. त्यात एखादा कर्णा असेल, बघ म्हणाल्या. औषधाच्या पुडीवर त्याचं चित्र काढून दिलं.

मी तो शोधणार आहे. तो मिळेपर्यंत कागदावर सही नाही. पोरगी बहिरी नाही असं पंचांपुढे ठरलं, तर तुमच्या फारकतीला कारण काय उरतं, तेवढं वकिलाला विचारून ठेवा.

सासूबाईंच्या गुडघ्यांना थंडीत तेल लावावं लागतं. तानाबाईला माहीत नसेल. लिहायचं नव्हतं, लिहून गेले.

शालन


चिंचवड, ४ एप्रिल १९५४

मालोजीराव,

पत्राचं उत्तर म्हणून तुम्ही घंगाळ मागितलंत. भावजींना सांगताना लाज वाटत होती, तुम्हाला पाठवताना वाटली नाही.

घंगाळ माझ्या बापानं रुखवतात दिलं, कल्हईला म्हणून इथे आलं ते इथेच राहिलं. 'तात्याबा यांजकडून मालोजीराव यांस' असं त्यावर कोरलेलं आहे, म्हणून ते तुमचं, असा तुमचा निरोप. कोरलेलं सगळं खरं धरायचं तर लग्नपत्रिकेत काय काय छापलं होतं तेही काढून बघा. घंगाळ मिळणार नाही.

कर्ण्याचं सांगते, विचारलं नाहीत तरी.

छावणीच्या कडेला पत्र्याच्या दुकानांची ओळ आहे. त्यात टेकचंद म्हणून एक म्हातारा जुन्या वस्तू विकतो. देहूरोडच्या लष्करी डेपोच्या लिलावातलं, बंगल्यांतलं, आणि त्याच्याच लोकांनी सिंधमधून उचलून आणलेलं, सगळं एका ढिगात. तुम्ही असलं कधी बघितलं नसेल. एका डोळ्याची दुर्बीण. अक्षरं झिजून गेलेलं टाइपरायटर. लोलकाचं घड्याळ, त्यातून पक्षी बाहेर यायचा तो कुणीतरी काढून नेलाय, आता नुसतं दार उघडतं आणि मिटतं. चहा प्यायचा चिनी मातीचा पेला, त्याला आतून मिशी ठेवायची फळी. मी त्याला विचारलं, मिशी ओली होऊ नये म्हणून एवढं? तो म्हणाला, "बाई, अंग्रेज ने इसी अकल से राज किया."

मी त्याला चित्र दाखवलं. त्यानं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "है ना. परसों आना."

परवा गेले. त्यानं फडक्यातून एक पितळी वाकडा कर्णा काढला. "मेमसाब का है. असली." सासूबाईंनी तोंडदाखवणीला दिलेली चांदीची साखळी त्याला देऊन टाकली. घरी आणला, सगळे गोळा झाले. शकूच्या कानाला लावला आणि मी ओरडले, "शकू!" तिनं कान दाबून धरला, रडायला लागली. कानामागे ओरखडा, रक्त. गेनूदादानं तो हातात घेऊन फिरवून बघितला आणि खो खो हसायला लागला. "आगं येडे, ह्यो मोटारीचा भोंगा हाय! मागं रबराचा गोळा असतोय, त्यो तेवढा काढून घेतलाय."

वहिनी अजून मला बघितलं की 'पों पों' करते.

मी भोंगा घेऊन टेकचंदकडे गेले आणि भर दुकानात आपटला. त्याचं एक गिऱ्हाईक निघून गेलं. त्यानं साखळी परत दिली नाही, ती वितळवून झाली होती. म्हणाला, "मुझे भी मालूम नहीं था. कसम से." खोटं बोलत होता. पण मग आतून स्टूल आणून दिलं आणि म्हणाला, ढीग तुझा, रोज ये, हवा तेवढा उपस, मी अडवणार नाही. फसवून झाल्यावर बसायला दिलं, एवढं तरी केलं. तुमच्याकडून तेही नाही.

तेव्हापासून जाते. वहिनी म्हणते, हिला ढिगाऱ्याचं येड लागलंय, पोरीचं निमित्त. म्हणू दे.

शालन


चिंचवड, २२ ऑगस्ट १९५४

मालोजीराव,

कर्णा मिळालेला नाही. एवढंच कळवायला हे पत्र, नाहीतर तुम्ही समजाल की मी विसरले.

आता पुण्याच्या जुन्या बाजारातही जाते. लोणावळ्याची गाडी चिंचवडला धरायची, शिवाजीनगरला उतरून चालत. रविवार आणि बुधवार भरतो. रस्त्यावर गोणपाटं टाकून बसतात. आधी लाजायची, लुगड्याचा पदर सावरत उभ्यानं बघायची. उभ्यानं काही दिसत नाही. आता सरळ मातीत बसते आणि दोन्ही हात घालते. काय कशाखाली असेल सांगता येत नाही. गेल्या बुधवारी गंजक्या कुलपांखाली एक चावीची डबी सापडली, झाकण उघडलं की विलायती गाणं वाजायचं. शकू बरोबर होती, तिच्या कपाळाला टेकवली तर ती हसली, तिला ती थरथर कळली. ती घेतली नाही. ज्यासाठी आले ते सोडून दुसरं घ्यायचं नाही असं ठरवलं आहे.

परत ठेवताना मात्र हात जड झाला. का ते तुम्हाला सांगायचं कारण नाही.

पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहतोय. सुमनताई म्हणतात, शकूला आला तसला ताप उतरवायचं औषध त्यात होणार. गाडीतून जाताना त्याच्या भिंती दिसतात. दर खेपेला वर चढलेल्या असतात.

शालन


चिंचवड, २४ ऑक्टोबर १९५४

मालोजीराव,

मिळाला.

तुम्हाला पटणार नाही म्हणून सगळं लिहिते. जुन्या बाजारात अगदी टोकाला एक म्हातारा बाटल्या, डबे, दिव्यांच्या चिमण्या घेऊन बसतो, त्याच्याकडे आजवर मी गेलेच नव्हते. त्या रविवारी उन्हातून सावलीला म्हणून त्याच्या गोणपाटाशी टेकले. तो एका बाईच्या बाटलीत घासलेट ओतून देत होता. ओतायला नरसाळं होतं. नरसाळ्याची नळी शेवटाला वाकडी होती, त्यामुळे घासलेट बाटलीच्या बाहेर सांडत होतं, आणि ती बाई त्याला शिव्या देत होती.

मी म्हटलं, "बघू ते नरसाळं."

त्यानं माझ्याकडे न बघता दिलं. वरचं तोंड रुंद, पितळेचं, कडेला वेलबुट्टी. नळी वाकलेली नव्हती, मुद्दाम वळवलेली होती. टोकाला हस्तिदंताची बोंडी, कानात बसेल एवढी. सुमनताईंचं चित्र मी पिशवीतून बाहेर काढलंच नाही. गरज नव्हती.

"विकायचं का?"

"त्ये? त्याच्यानं नीट वततासुद्धा येत न्हाई. दुसरं देतो की चांगलं."

"ह्येच पायजे."

झालं. ह्येच पायजे म्हणायला नको होतं. त्यानं तिथल्या तिथे ते परत ओढून घेतलं आणि भाव असा सांगितला की शेजारचा डबेवालासुद्धा त्याच्याकडे बघायला लागला. मी खूप विनवलं. ऐकेना. बुधवारपर्यंत कुणाला देऊ नका म्हटलं, तर म्हणाला, बघू.

त्या तीन दिवसांत मला जेवण गेलं नाही. बुधवारी पहाटे घंगाळ डोक्यावर घेतलं आणि स्टेशन गाठलं. वहिनी मागे ओरडत होती. डब्यात लोक विचारत होते, कुणाच्या लग्नाला? बाजारात पोचले तर म्हातारा जागेवर, आणि नरसाळ्यातून घासलेट ओतणं चालू. माझा जीव त्या धारेत अडकला होता.

त्यानं घंगाळ वाजवून बघितलं, तांब्याचं अस्सल. मग कोरलेलं वाचलं. तो वाचू शकत होता.

"ह्ये मालोजीराव कोन?"

मी म्हटलं, "होते कुनी."

तेव्हा तुमचं घंगाळ पुण्याच्या जुन्या बाजारात आहे. नाव स्वच्छ वाचता येतं. हवं असेल तर जाऊन घ्या.

कर्णा चिंचेनं, राखेनं, रिठ्यानं घासला, घासलेटाचा वास तरी राहिलाच. सुमनताईंनी बोंडी गरम पाण्यात उकळून दिली. मग अंगणात शकूला मांडीवर घेतलं. ओरडायचं नाही असं सुमनताईंनी बजावलं होतं. मी हळूच म्हटलं, "शकू."

तिनं कर्णा असा झटकला की तो कोंबड्यांत जाऊन पडला. लांब जाऊन उभी राहिली. मग स्वतःच जाऊन तो उचलला, माझ्याकडे आणून दिला आणि कान पुढे केला.

दुसऱ्या दिवसापासून तिला घरात आवरणं मुश्कील झालं. कर्णा कानाला लावून ती भिंतीचं ऐकते, जात्याचं ऐकते, विहिरीत वाकून ऐकते, मला धरून ठेवावं लागतं. गेनूदादाच्या गाभण गाईच्या पोटाला लावून बसली आणि हसत सुटली. आत काय ऐकलं कोण जाणे. आणि शब्द! कानात गेलेला प्रत्येक शब्द ती तोंडात घोळवते, जमेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणते. 'पानी', 'गाय', 'मामा', 'गाडी'. बोबडं आहे, पण घरच्यांना कळतं. वहिनी पों पों करायची थांबली. तिनंच पहिल्यांदा शकूला कर्ण्यातून अंगाई म्हटली, मी बघत नाही असं बघून.

चाकणच्या बाजाराच्या दिवशी मी शकूला घेऊन येणार आहे. भांडायला नाही. एकदा तुमचा आवाज तिनं ऐकावा, एवढंच. तो तिला कधीकाळी माहीत होता.

शालन


चिंचवड, १२ डिसेंबर १९५४

मालोजीराव,

तुम्ही पंचांना सांगितलंत म्हणे, की शालननं बाजारात येऊन तमाशा केला, कुणाचीतरी पोर पुढे करून आपली म्हणून सांगितली. भावजी परवा येऊन बोलले. तुम्ही तिथे होतात, तुम्हाला सांगायची गरज नाही, पण तुम्ही वेगळं सांगत फिरता म्हणून झालं ते लिहून ठेवते. हे पत्र फाडलंत तरी माझं लिहून झालेलं असेल.

गेनूदादानं भोसरीपर्यंत बैलगाडीनं सोडलं, तिथून एसटीनं आलो. शकूला नवा परकर शिवला होता. कर्णा पिशवीत घालून तिच्या गळ्यात अडकवला होता. मी हिरवं लुगडं नेसले होते. ते बाजारासाठी होतं, दुसरा अर्थ काढू नका.

तुम्ही कांद्याच्या थप्पीवर बसला होतात, शेजारी अडते नानासाहेब. तेच पंचांतले पुढारी, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचायला हवं होतं. हमाल होते, गाडीवाले होते, चिमाजी भावजी पोत्यांना टाके घालत होते. मी समोर येऊन उभी राहिले. तुम्ही बघितलंत आणि दोरी वळत राहिलात.

मी म्हटलं, "बोला तिच्याशी कायतरी. ऐकू येतं तिला."

शकूनं पिशवीतून कर्णा काढला, बोंडी कानात घातली आणि रुंद तोंड तुमच्याकडे केलं. कुणी नवीन माणूस भेटला की ती असंच करते. तुम्ही दोरीला आणखी एक पीळ दिलात. मग ती पुढे आली, टाचा उंच करून कर्णा अगदी तुमच्या तोंडाशी धरला.

नानासाहेब म्हणाले, "काय रं मालोजी, ही तुजी ती जल्माची बहिरी पोर का काय?"

तुमचा चेहरा मी बघत होते. तुम्ही एकदा नानासाहेबांकडे बघितलंत, एकदा कर्ण्याकडे. पंचांपुढे तुम्ही शपथेवर 'जन्मतः' म्हणाला होतात. आता मागे कसं यायचं? तुम्हाला जड जातंय हे मला दिसत होतं. खोटं कशाला बोलू, तेवढ्या वेळात मला वाटलं, आता हे म्हणतील, व्हय, माझीच.

तुम्ही म्हणालात, "माजी न्हवं ही. माजी पोर बहिरी हाय. हिला तर ऐकाया येतंय."

हमाल हसले. नानासाहेबही हसले, "आरं, ह्ये बरं सापडलं तुला!" म्हणाले. तुम्ही ते त्यांच्यासाठी बोललात, मला माहीत आहे. पण कर्णा तुमच्या तोंडाशी होता. ते गेलं शकूच्या कानात.

भावजींनी टाका अर्धा सोडून तोंड फिरवलं. एवढ्या बाजारात तेवढा एक माणूस.

मी तिथे काही बोलले नाही. तमाशा म्हणता तो हा. पोरीचा हात धरला आणि एसटीच्या थांब्यावर आले.

गाडीत शकू खिडकीशी बसली. मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, ऐकलेलं ती जमेपर्यंत म्हणते. मोशी येईपर्यंत ती ओठ हलवत होती. मग म्हणाली, "माजी न्हवं." पुन्हा म्हणाली. "माजी न्हवं ही." आजवर तिला एकेकच शब्द जमायचा. हे तिचं पहिलं पुरं वाक्य. इतकं स्वच्छ आलं की पुढच्या बाकावरची बाई वळून म्हणाली, "गुनाची हाय गं पोर. किती ग्वाड बोलती."

मी तिच्या हातातून कर्णा काढून घेतला आणि पिशवीत घातला. तिला वाटलं, तिचं काहीतरी चुकलं.

शालन


चिंचवड, ९ जानेवारी १९५५

मालोजीराव,

कागद सोबत आहे. अंगठा नाही, सही केली आहे. शालन तात्याबा, एवढीच. तुमचं नाव मध्ये घातलेलं नाही.

'जन्मतः' हा शब्द खोडला आहे आणि खोडल्या जागीही सही केली आहे. त्यानं कागद बाद होतो असं वकील म्हणाला तर होऊ द्या. दुसरा केलात तर त्यातही खोडीन.

सुमनताईंचं म्हणणं, पहिली नांदती असताना दुसरी केलीत म्हणून कायद्यानं तुम्हाला कोर्टात उभं करता येतं. करावंसं वाटलं होतं. पण कोर्टात पुन्हा तुम्ही बोलणार आणि शकू तिथे असणार. तेवढ्यासाठी सोडलं. माझी माया म्हणून सोडलं असं कुठे सांगू नका.

शालन


पिंपरी छावणी, २० नोव्हेंबर १९५५

श्री. मालोजी यांस,

पत्ता बदलला आहे तो वर लिहिला आहे. दोन महिन्यांपूर्वी चिमाजी भावजी आधी गेनूदादाकडे गेले, तिथून विचारत विचारत इथे आले. इथे त्यांना स्टुलावर बसवलं.

निरोप कळला. सासूबाईंचे कान गेले. चुलीवरचं दूध उतू जातं, हाक मारलेली कळत नाही, तानाबाईला वाटतं म्हातारी मुद्दाम करते, दोघींची रोज जुंपते आणि तुम्हाला घरात बसवत नाही. म्हणून 'ते नरसाळं' महिनाभर द्यावं. भावजी आढेवेढे घेत होते. मी म्हटलं, जसं सांगितलं तसं सांगा. मग ते खाली बघून म्हणाले, "दादा म्हनाला, पोरीला काय, सवय हाय तिला न ऐकायची."

मी पाणी आणायचं निमित्त करून आत गेले. बाहेर यायला वेळ लागला.

कर्णा मिळणार नाही. शकू शाळेत जाते. पहिलीत आहे, वयानं सगळ्यांत मोठी. पुढच्या बाकावर बसते. मास्तर सगळ्याच वेळी तिच्या कर्ण्यात बोलत नाहीत, कंटाळतात. पोरं तिला 'नरसाळी' म्हणतात. हे तिला ऐकू येतं. तुम्हाला वाटेल शालननं जग जिंकलं, म्हणून सांगून ठेवते. ऐकू आल्यानं तिचं सगळं बरं झालं असं नाही. आधी ती हाका न ऐकता खेळायची, आता ऐकून गप्प बसते. पण कर्णा काढून ठेव म्हटलं तर ठेवत नाही. झोपतानासुद्धा उशाला असतो.

मी टेकचंदच्या दुकानात असते. त्याचे गुडघे गेले, त्याला बाजारात फिरवत नाही. रविवार-बुधवार पुण्याला जाऊन मी माल निवडून आणते, इतर दिवशी दुकान. कारखान्यातले साहेब लोक येतात, जुनी घड्याळं, ग्रामोफोन, दिवे विचारतात. मला आता हात लावला की कळतं, कशाखाली काय आहे. टेकचंद अजून गिऱ्हाइकांना फसवतो. मी असले की जमत नाही त्याला. दिवसाला एकदा तरी आमचं वाजतं. राहायला दुकानामागे खोली आहे. गेनूदादा जा म्हणाला नाही, मीच निघाले.

सासूबाईंचा राग माझ्या मनात आहे. अंगारा त्यांनी लावला होता. पण डॉक्टरकडे न्यायचं तुमच्या हातात होतं, त्यांच्या नाही. दुधावर ओरडा खाणारी म्हातारी मला डोळ्यांपुढे येते आणि झोप लागत नाही. तुमच्या आईसाठी मी का जागावं, तेही मला कळत नाही.

म्हणून शोधायला लागले. मागच्या महिन्यात एक मिळाला. काळ्या पत्र्याचा आहे, तीन तुकड्यांत उघडतो आणि मिटतो, एका बाजूला पोचा गेलाय. मी तो कानाला लावून बघितला, चांगला आहे. फळीवर ठेवलाय. एका साहेबानं शोभेसाठी मागितला होता, दिला नाही.

तो मी कुणाबरोबर पाठवलेला नाही. पाठवणारही नाही.

सासूबाईंना घेऊन तुम्ही स्वतः यायचं. कर्णा बघितल्याशिवाय कुणी घेऊ नये, प्रत्येकाचा कान वेगळा असतो. दुपारनंतर या, तेव्हा शाळा सुटलेली असते. सासूबाईंच्या कानात बोंडी कशी बसवायची, किती तिरकी धरायची, कुठल्या बाजूनं बोलायचं, हे माझ्यापेक्षा शकूला चांगलं जमतं. ती बसवून देईल. तिला मी सांगितलं आहे, एक म्हातारी आजी येणार आहे. बरोबर कोण येणार ते सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगा.

मी दुकानात असेन, पण आत. मध्ये पडणार नाही.

तिला लांबून बोललेलं कळत नाही. तोंड अगदी जवळ न्यावं लागतं.

शालन तात्याबा